खालच्या मजल्यावरची सित्ती: गालिलीतल्या एका अरब घराचं प्रकरण

इस्रायलच्या उत्तरेला गालिलीच्या डोंगरात सखनीन, अर्राबा, दैर हन्ना ही अरब गावं ओळीने वसली आहेत. त्यांच्या दक्षिणेला बत्तौफचं खोरं पसरलेलं आहे. इथली माणसं पॅलेस्टिनी अरब आणि इस्रायलची नागरिक. देशाच्या लोकसंख्येत अरब नागरिक साधारण एक पंचमांश आहेत. पुढचं प्रकरण याच पट्ट्यातल्या एका घराचं आहे. मात्र ते कुणा एका कुटुंबाचं जसंच्या तसं वर्णन नाही. अशा गावांतून दवाखान्यापर्यंत आणि समाजकल्याण कार्यालयापर्यंत जी प्रकरणं पोचतात, त्यांतले सारखे धागे घेऊन ते उभं केलं आहे. म्हणून त्यात कुणाचं नाव नाही, गावही सांगितलेलं नाही. त्यामागचा इतिहास, कायदे आणि आकडे मात्र खरे आहेत.

या विषयावर दोन मतं हमखास ऐकू येतात. एक असं, की अरब घरात आईबापांचा मान इतका मोठा, की तिथे त्यांची आबाळ होणं शक्यच नाही. दुसरं असं, की शिक्षण आलं, पगार आला, सुना नोकरीला लागल्या आणि माया आटली. माझ्या मते दोन्ही चूक आहेत. मान आहे तसाच आहे, मायाही आहे. बदललं ते एवढंच, की तो मान रोज प्रत्यक्षात उतरवणारे हात घराबाहेर पडले आणि त्यांची जागा कुणी घेतली नाही. ही रिकामी जागा घराच्या अब्रूने झाकून ठेवली, आणि त्या झाकणाखाली म्हातारीचे हाल झाले.

घर

घर चार मजली आहे. गच्चीवर खांबांतून लोखंडी सळ्या वर आलेल्या आहेत. पुढेमागे नातवासाठी आणखी एक मजला चढवायचा आहे. गावाला वाढायला जमीन नाही आणि बांधकामाचे परवाने मिळायला वर्षं लागतात, म्हणून मुलगा लग्नाचा झाला की बापाच्या डोक्यावर मजला चढतो.

तळमजल्यावर आई राहते. वय ऐंशीच्या पुढे. मुलं तिला यम्मा म्हणतात, नातवंडं सित्ती, आणि गावातले लोक आदराने हाज्जे, कारण नवरा असताना ती त्याच्याबरोबर मक्केला जाऊन आली आहे. तिला चार मुलगे, तीन मुली. थोरला बांधकामाचा ठेकेदार, पहिल्या मजल्यावर राहतो. दुसरा हैफात औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट, तो दुसऱ्या मजल्यावर. तिसरा जर्मनीत डॉक्टरकी शिकायला गेला आणि तिथेच राहिला. धाकटा ट्रक चालवतो, सर्वांत वरच्या मजल्यावर असतो. त्याची बायको गावच्या बालवाडीत शिक्षिका आहे. मुलींपैकी थोरली गावातच दिली आहे, बाकी दोघी बाहेरगावी, त्यांतली एक नाझरेथला.

चार वर्षांपूर्वी आईला लकवा मारला. डावी बाजू लुळी पडली. मधुमेह त्याच्या कितीतरी आधीपासूनचा आहे आणि दिवसातून दोनदा इन्शुलिन लागतं. ती वॉकर धरून चार पावलं टाकते, पण एकटीने संडासला जाऊ शकत नाही. अलीकडे विसरते. कधी संध्याकाळी नवऱ्याचं जेवण झालं का म्हणून विचारते. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली.

या घराची एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. जिना बाहेरून आहे. जुन्या गालिलीत घरं मधल्या चौकाभोवती असत. बाहेर जायचं झालं तरी, चुलीपाशी यायचं झालं तरी सगळ्यांना म्हातारीच्या समोरूनच जावं लागे. तिने पाणी मागितलं तर जाता येता कुणीतरी भांडं पुढे करी, त्यासाठी कुणाची नेमणूक करावी लागत नसे. आता तिन्ही बिऱ्हाडं बाहेरच्या जिन्याने वर जातात. एकाच घरात राहूनसुद्धा चार दिवस आईचं तोंड न बघणं शक्य झालं आहे. थोरला मुलगा मनापासून सांगतो, "आम्ही तिला एकटं कुठे टाकलंय? आम्ही सगळे इथेच तर राहतो."

इथवर कसं आलं

"आधुनिकीकरण" म्हटलं की डोळ्यांसमोर शहर, कारखाना, फ्रीज, कॉलेज येतं. गालिलीत ते वेगळ्या वाटेने आलं, आणि ती वाट सांगितल्याशिवाय या घरातलं काहीच कळत नाही.

आईचं लग्न झालं तेव्हा नवऱ्याचं घराणं शेतकऱ्यांचं होतं. बत्तौफमध्ये पावसाच्या पाण्यावर गहू, भेंडी, कलिंगडं आणि डोंगरउतारावर ऑलिव्ह. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाल्यावर १९६६ पर्यंत अरब नागरिक लष्करी अंमलाखाली होते. गावाबाहेर जायला परवाना काढावा लागे. या काळात आणि नंतरही त्यांच्या जमिनीचा मोठा भाग सरकारने ताब्यात घेतला. देशाच्या उत्तरेचं पाणी दक्षिणेला नेणारा मोठा कालवा १९६४ मध्ये पुरा झाला, तो याच बत्तौफमधून उघडा वाहत जातो. १९७६ मध्ये आणखी जमीन घेण्याचा निर्णय झाला. त्याविरुद्ध ३० मार्चला अरब गावांनी संप पुकारला आणि त्यात सहा नागरिक मारले गेले. तो दिवस दरवर्षी भूमिदिन म्हणून पाळतात.

जमीन गेली तशी बापाची सत्ताही गेली. ज्याच्या नावावर ऑलिव्हची झाडं, त्याच्या शब्दाला वजन, हा गावगाड्याचा सरळ हिशेब होता. मुलगा बापाच्या शेतात राबे, बापाच्या अंगणात राही, आणि वाटणीसाठी बापाची मर्जी राखी. नंतर पुरुष पहाटे टेम्पोत बसून हैफा, तेल अवीवकडे बांधकामावर जाऊ लागले. पगार मुलाच्या हातात आला. घरावरचे मजले त्याच पगारातून उभे राहिले. म्हणजे मुलगा बापाच्या जिवावर राहत होता, आता आई मुलाच्या जिवावर राहू लागली. यात कुणाचा दुष्टपणा नाही. पण वाकून चालायचं कोणी, हे उलटं झालं.

बायकांच्या आयुष्यातला बदल याहून मोठा आहे. १९६० च्या दशकात इस्रायलमधल्या मुस्लिम स्त्रीला सरासरी नऊच्या वर मुलं होत. आज ती संख्या तीनच्या आसपास आहे. आई शाळेत गेलेली नाही, कागदावर अंगठा उठवते. तिच्या धाकट्या सुनेकडे पदवी आहे. नोकरी करणाऱ्या अरब स्त्रियांचं प्रमाण गेल्या वीसेक वर्षांत जवळजवळ दुप्पट झालं आहे. हे सगळं चांगलंच झालं. ते उलटं फिरावं असं या घरातल्या म्हातारीलाही वाटत नाही, नातीने डॉक्टर व्हावं असं तीच सगळ्यांना सांगत असते.

प्रश्न असा, की पूर्वी म्हाताऱ्यांचं करत कोण होतं? उत्तर आहे, सून. "मुलगे आईबापांना सांभाळतात" असं बोललं जाई, पण न्हाऊ घालणं, भरवणं, रात्री उठवणं हे सुनेच्याच वाट्याला असे. त्याबद्दल तिला पैसा नव्हता, नकार द्यायची सोय नव्हती, आणि ते काम म्हणून मोजलंही जात नव्हतं. त्या काळीही एखादी सून रात्री म्हातारीवर ओरडत असेल. तेव्हा मोजणारं कुणी नव्हतं, म्हणून ते सगळं "परंपरा" या नावाखाली गोड दिसतं. मुलगे बदलले नाहीत. सुना घराबाहेर पडल्या, तेव्हा सांभाळण्याच्या शब्दामागे किती थोडे हात होते ते उघडं पडलं.

कडी

या घरात काय झालं ते आता क्रमाने.

इस्रायलमध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा कायदा १९८६ मध्ये झाला आणि १९८८ पासून त्याचा लाभ मिळू लागला. रोजच्या गोष्टींसाठी दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या वृद्धाला त्याखाली घरी मदतनीस मिळते, डायपर मिळतात, डे-केअर केंद्रात जाता येतं. २०१८ च्या बदलानंतर गरजेच्या सहा पायऱ्या ठरवल्या आणि लाभ रोख रकमेत घेण्याची सोयही झाली. गावात या सगळ्याला नुसतं "तअमीन" म्हणतात, म्हणजे विमा. अरब गावांत वृद्धाश्रम फार कमी आहेत आणि तिथे आईबापांना ठेवणं लाजिरवाणं मानतात. त्यामुळे घरी येणारी ही मदत लोक मनापासून घेतात.

या आईलाही मदतनीस मिळाली. गावातलीच बाई, आठवड्याचे पाच दिवस, सकाळी नऊ ते बारा. सून सव्वासातला बालवाडीला जाते, अडीचला परतते. म्हणजे सकाळी पावणेदोन तास आणि दुपारी अडीच तास आई एकटी. रात्र तर मोजलेलीच नाही.

एका दुपारी ती वॉकर घेऊन दाराबाहेर आली आणि रस्त्यावर पोचली. एक गाडी करकचून थांबली. त्या संध्याकाळी थोरल्याने खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवली. कुणी विरोध केला नाही. मुलांच्या दृष्टीने ती सुरक्षेची सोय होती.

मग हळूहळू बाकीच्या गोष्टी झाल्या. दुपारी डायपर बदलायला कुणी नसतं, म्हणून बारानंतर पाणी कमी द्यायचं असं ठरून गेलं. कुणी ठरवलं, ते कुणालाच सांगता येत नाही. सकाळचं इन्शुलिन सून देऊन जायची. संध्याकाळचं कोण देणार हे स्पष्ट नव्हतं. धाकट्याला वाटे वहिनीने दिलं असेल, वहिनीला वाटे धाकट्याने. पेन्शन थोरल्याच्या खात्यात जाई. आईने कधीतरी मुखत्यारपत्रावर अंगठा उठवला होता. त्या पैशातून डायपर, औषधं, विजेचं बिल निघे. उरलेलं गच्चीच्या स्लॅबमध्ये गेलं. थोरला हे लपवत नाही. "आमच्यात माझं-तुझं नसतं," असं तो म्हणतो, आणि त्याला ते पूर्ण पटलेलं आहे.

एका रात्री तिसऱ्यांदा अंथरूण ओलं झालं तेव्हा धाकट्या सुनेने आईला दंडाला धरून जोरात ओढलं. काळानिळा डाग आठवडाभर राहिला. मदतनीस बाईने आंघोळ घालताना तो पाहिला, आणि ती काहीच बोलली नाही. ती याच घराण्याच्या दूरच्या नात्यातली. बोलली असती तर काम गेलं असतं, शिवाय गावभर झालं असतं. आईने डागावर बाही ओढून घेतली, एवढं मात्र त्या बाईने नंतर सांगितलं.

इस्रायलमधल्या वृद्धांच्या छळाचं पहिलं देशव्यापी सर्वेक्षण हैफा विद्यापीठातल्या संशोधकांनी केलं. त्यात १८.४ टक्के वृद्धांनी मागच्या वर्षभरात कोणत्या ना कोणत्या प्रकारचा छळ सोसल्याचं दिसलं. सर्वांत जास्त प्रमाण शाब्दिक छळाचं होतं, त्याखालोखाल पैशाच्या बाबतीतल्या पिळवणुकीचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगभर साठीवरच्या सहांपैकी एकाला दरवर्षी हे भोगावं लागतं. तेव्हा हे फक्त अरबांच्या घरातलं दुखणं नाही. अरब घरात वेगळं आहे ते या दुखण्याभोवतीचं मौन.

दवाखाना

आईला ताप भरला म्हणून थोरला तिला दवाखान्यात घेऊन आला. नर्सने कूस बदलायला सांगितलं तेव्हा माकडहाडावर जखम दिसली. तळहाताएवढा बेडसोअर. जीभ कोरडी ठणठणीत, साखर भलतीच वाढलेली. नर्सने थोरल्याला फाईल आणायला खाली पाठवलं. आईशी एकटीने बोलायला तिला एवढीच युक्ती सुचली, कारण अशा घरात म्हातारीला एकटी सोडून कुणी बाहेर जात नाही. तपासणीच्या वेळी मुलगा पलंगाशी उभा असणं हा आदरच मानला जातो.

"हाज्जे, तहान लागली की पाणी कोण देतं?"

"माझी मुलं सोन्यासारखी आहेत, बाळ."

"हो ना. पण दुपारी?"

"दुपारी सगळे कामाला असतात. मी झोपते."

"दार उघडं असतं का?"

आई गप्प झाली. मग म्हणाली, "सून फार थकते ग. तिला काही बोलू नकोस."

इथे कायदा काय म्हणतो ते सांगायला हवं. इस्रायलच्या दंडसंहितेत १९८९ मध्ये दुरुस्ती झाली. वय, आजार किंवा अपंगत्वामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या माणसावर त्याची जबाबदारी असलेल्याकडूनच अत्याचार किंवा दुर्लक्ष होत असल्याचा सबळ संशय आला, तर समाजकल्याण अधिकाऱ्याला किंवा पोलिसांना कळवणं बंधनकारक झालं. डॉक्टर, नर्स, समाजकार्यकर्ते यांनी कळवलं नाही तर त्यांना सामान्य माणसापेक्षा जास्त शिक्षा आहे. कायदा कडक आहे. पण तो लहान गावात राबवणं फार अवघड जातं. नर्सची मावसबहीण याच घराण्यात दिलेली होती. तिने कळवलं तर ते कुणी कळवलं हे संध्याकाळपर्यंत मशिदीच्या पायऱ्यांवर सगळ्यांना कळणार होतं. तिने डॉक्टरांशी बोलून दुसऱ्या दिवशी कळवलं. तो एक दिवस तिने कसा काढला असेल ते मला समजतं, आणि तिला दोष द्यावासा वाटत नाही.

बैठक

समाजकल्याण कार्यालयातली कार्यकर्ती शेजारच्या गावची, अरबच. तिने पोलीस आणले नाहीत. आधी एकटी येऊन आईजवळ बसली, कॉफी घेतली, कडीकडे बघून काहीच बोलली नाही. मग तिने भाऊ, बहिणी आणि आईचा धाकटा भाऊ, म्हणजे मुलांचा मामा, अशा सगळ्यांना एका शुक्रवारी बोलावलं. जर्मनीतला मुलगा फोनवर होता.

सुरुवात ठरल्यासारखीच झाली. थोरला म्हणाला, "आमच्या घरात सरकार कशाला? लोक काय म्हणतील?" फार्मासिस्टने औषधं आपण फुकट आणतो हे सांगितलं. मामाने कुराणातली सतराव्या सुरेतली आयत म्हटली, की आईबाप तुमच्याजवळ म्हातारे झाले तर त्यांना "उफ्"सुद्धा म्हणू नका. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

कार्यकर्ती म्हणाली, "मामा, ही आयत इथे प्रत्येकाला पाठ आहे. मला एवढंच सांगा, रात्री दोन वाजता हाज्जेला कोण उठवतं?"

थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने बायकोकडे. चार वर्षं रोज रात्री काय चाललं होतं ते त्या नजरांमधून सगळ्यांना कळलं.

मग धाकटी सून बोलली. "मी त्यांचा हात ओढला. डाग माझ्यामुळे पडला. मी रात्री तीनदा उठते आणि सकाळी शाळेत तीस मुलांसमोर उभी राहते. माझ्या जावा वर झोपतात. मी कुणाला सांगायचं? सांगितलं असतं तर म्हणाले असते, नोकरी सोड."

आणि खरोखर थोरला तेव्हाच म्हणाला, "मग सोड की नोकरी."

मला या प्रकरणातलं सर्वांत बोलकं वाक्य हेच वाटतं. चार भाऊ, तीन बहिणी, तीन पगार, एक ठेकेदारी, आणि उपाय काय, तर एका बाईने घरी बसावं. कार्यकर्तीने तिथे आवाज चढवला नाही. तिने शांतपणे विचारलं, की या नोकरीचा पगार बंद झाला तर तो कोण भरून देणार, आणि ते लिहून द्यायला कुणी तयार आहे का. कुणी तयार नव्हतं.

गावात दिलेली थोरली मुलगी आतापर्यंत गप्प होती. शरियतप्रमाणे मुलीला मुलाच्या निम्मा वाटा मिळतो, पण पॅलेस्टिनी खेड्यांत पुष्कळ बहिणी तो भावांना सोडून देतात. माहेरचं दार उघडं राहावं, उद्या नवऱ्याशी बिनसलं तर भाऊ पाठीशी उभे राहावेत, यासाठी. हिनेही सोडला होता. ती रडत म्हणाली, की आईची अवस्था तिला दिसत होती. पण बोलली असती तर वाटा दिला तो दिला आणि दारही गेलं असतं. म्हणजे ज्या मुलीच्या हातून आईची उत्तम देखभाल झाली असती, तिचं तोंड मालमत्तेच्या रीतीनेच बंद केलं होतं. या रीतीला कुणी छळाचं कारण म्हणत नाही. मी म्हणेन.

काय ठरलं, काय झालं

बैठक चार तास चालली. तिथे झालेला समझोता गावातल्या सुल्हाच्या वळणाचा होता. सुल्हा म्हणजे तंटा मिटवण्याची जुनी अरब पद्धत, तीत वडीलधारे मध्ये पडतात आणि दोन्ही बाजू सर्वांसमोर शब्द देतात. इथे मामाच्या साक्षीने कागद झाला. दाराची कडी त्याच दिवशी काढली, त्याऐवजी दार उघडलं की वरच्या मजल्यांवर वाजेल अशी बेल लावली. पेन्शन आईच्या स्वतःच्या खात्यात, हिशेब थोरल्या मुलीकडे. रात्री वाटून घेतल्या, दोन थोरल्याच्या, दोन फार्मासिस्टच्या, दोन धाकट्याच्या, एक मुलींची. रात्री मुलाने स्वतः उठायचं, बायकोला उठवायचं नाही, हे कार्यकर्तीने लिहून घेतलं. जर्मनीतला मुलगा दुपारच्या मदतनीस बाईचे पैसे देईल असं ठरलं. आठवड्यातून तीन दिवस डे-केअर केंद्र.

केंद्राला आईनेच कडाडून विरोध केला. "लोक म्हणतील मुलांनी टाकली." पहिल्या आठवड्यात ती गाडीत बसलीच नाही. मग नाझरेथची मुलगी येऊन दोन दिवस तिच्याबरोबर जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी आईला तिच्या माहेरच्या गावची एक बाई तिथे भेटली, आणि त्यानंतर गाडीची वाट बघणं सुरू झालं.

जखम भरायला अडीच महिने लागले. साखर आटोक्यात आली. थोरल्याला रात्री उठणं सुरुवातीला अजिबात जमलं नाही. आईचं अंग पुसायला तो लाजत होता, कारण पुरुषाने आईचं हे करणं त्याच्या पिढीने पाहिलेलंच नव्हतं. नर्सने त्याला शिकवलं. फार्मासिस्टच्या रात्री मात्र अजूनही बऱ्याचदा त्याची बायकोच काढते, आणि कागदावर त्याची सही असते. धाकट्या सुनेने नोकरी सोडली नाही. थोरला आजही त्या नर्सशी बोलत नाही.

इतर अरब देशांत

गालिलीतलं सगळंच बाकीच्या अरब जगाला लागू पडेल असं नाही. आखाती देशांत पैसा आहे, तिथे सुनेची जागा फिलिपीन्स, इंडोनेशिया, श्रीलंका, इथिओपिया आणि भारतातून आलेल्या मोलकरणीने घेतली आहे. कफालाच्या पद्धतीत तिचं राहणं आणि नोकरी दोन्ही मालकाच्या हातात असतं. त्यामुळे एकाच खोलीत दोन असहाय बायका असतात, आणि एकीचा राग दुसरीवर निघण्याची भीती दोन्ही बाजूंनी असते. लेबनॉनमध्ये मुलं परदेशी गेली आणि २०१९ नंतर लिरा कोसळून बँकांनी ठेवी अडकवल्यावर म्हाताऱ्यांची आयुष्यभराची पुंजी हातची गेली.

कायदे मात्र बऱ्याच देशांनी केले. ट्युनिशियाने १९९४ मध्ये, अल्जीरियाने २०१० मध्ये, सौदी अरेबियाने २०२२ मध्ये, इजिप्तने २०२४ मध्ये. यातल्या बहुतेकांचा रोख कुटुंबाला त्याच्या कर्तव्याची जाणीव करून देण्यावर आणि चुकारांना शिक्षा करण्यावर आहे. शिक्षा हवीच. पण या घरात शिक्षा झाली असती तर ती कोणाला झाली असती? हात ओढणाऱ्या सुनेला. रात्रभर वर झोपलेल्या मुलांनी कायद्याच्या भाषेत काहीच केलेलं नव्हतं.

आपल्याकडे २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह कायदा आहे. त्याच्या कलम २३ नुसार सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडली तर परत घेता येते. महाराष्ट्रातले कितीतरी वृद्ध या कलमाच्या आधाराने न्यायाधिकरणाकडे गेले आहेत. या आईने ऑलिव्हची उरलेली जमीन मुलांच्या नावावर केली तेव्हा अशी कोणतीच अट कागदावर आली नाही. आईने मुलांना अट घालायची हेच त्या घरात कुणाच्या मनात आलं नसतं. बैठकीतही जमिनीचा विषय कुणी काढला नाही, कार्यकर्तीनेही नाही. तिला विचारलं तर ती म्हणते, एका दिवसात एकच भिंत पाडता येते. मला वाटतं तो विषय काढायला हवा होता. कारण आई अजून जिवंत आहे, तिच्या नावावर काहीच नाही, आणि घरात तिच्या शब्दाला उरलेलं वजन फक्त मामा बसलेला असताना जाणवतं. मामाचं वय अठ्ठ्याहत्तर आहे.

कार्यकर्तीने फाईलमध्ये पुढच्या पाहणीसाठी तीन गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. रात्रीच्या तासांसाठी विम्याकडे गरजेची वरची पायरी मागायची. मदतनीस बायकांनी पाहिलेलं सांगावं म्हणून त्यांना स्वतःच्या गावाऐवजी शेजारच्या गावात काम द्यायची सूचना संस्थेकडे पाठवायची. आणि धाकट्या सुनेला स्वतंत्र भेटायचं, शाळेच्या वेळेत, घरातलं कुणी बरोबर नसताना.